संदर्भ बारा

डॉ. शर्वरी ताम्हाणे अकोल्याच्या टापरे स्मारक रुग्णालयात शिरली आणि पाचव्या मिनिटाला आजारी ठरली. बाहेर मे महिन्यातलं सेहेचाळीस अंशांचं ऊन होतं. रिक्षातून उतरून फाटकापर्यंत चालताना तिच्या चपलेचा तळ मऊ झाला होता. आणि स्वागतकक्षात तिच्या मनगटावर चढवलेलं तापकडं निळा दिवा लावून सांगत होतं की बाईंच्या शरीराचं तापमान ९७.० आहे, म्हणजे बाई गारठल्या आहेत. हवा सेल्सियसमध्ये मोजायची आणि अंग फॅरनहाइटमध्ये, ही आपली जुनी खोड. इतकी यंत्रं बदलली तरी ती काही सुटलेली नाही.

“काहून मॅडम, एवढ्या उन्हातून आल्या तरी थंडच?” मुख्य परिचारिका पंचफुला दांदळे हसून म्हणाल्या. पांढऱ्या गणवेशावर त्यांनी मरून रंगाचा हातविणीचा स्वेटर घातला होता. “चिंता नका करू. नवीन माणूस इथे थंडच येते. आठ दिवस राहिलं की होते बरोबर.”

“ते कसं काय?”

“पाणी मानवते नं.”

शर्वरीला हसू आलं. ती घामानं निथळत होती, आणि समोरची बाई स्वेटरची बटणं लावत होती. तिनं आजूबाजूला पाहिलं. औषधं वाटणाऱ्या परिचारिका, फरशी पुसणाऱ्या मावशी, खिडकीपाशी बसलेला कारकून, सगळ्यांच्या अंगावर काही ना काही लोकरीचं होतं.

“आमचा कूलर पाहिला नाही तुम्ही अजून,” पंचफुलाबाई अभिमानानं म्हणाल्या. “साऱ्या जिल्ह्यात नाही असा. भर मे महिन्यात स्वेटर लागते, सांगा आता!”

कूलर खरोखरच पाहण्यासारखा होता. वीज वाचवायची म्हणून रुग्णालयानं वातानुकूलन काढून टाकलं होतं आणि गच्चीवर तीन मजली उंचीची वाळ्याची भिंत उभारली होती. तिच्यावरून दिवसरात्र पाणी झिरपायचं आणि त्यातून गार झालेली सुगंधी हवा नळ्यांमधून प्रत्येक खोलीत यायची. सरकारी कागदात त्याचं नाव वाळाशीतक. बाकी सगळे कूलरच म्हणायचे. शर्वरीनं सवयीनं खोलीतली हवा मोजली. साडेएकोणतीस अंश. सेहेचाळीसची सवय असलेल्यांना एवढ्यातही थंडी वाजत असेल, असं म्हणून तिनं तो विषय सोडून दिला. पुढे कितीतरी दिवस तिला याच गोष्टीचा पश्चात्ताप होणार होता.

दाराशी एक फळा होता. ‘ज्वरमुक्त कर्मचारी : सलग ४१७ दिवस’. पंचफुलाबाई रोज सकाळी तो आकडा स्वतःच्या हातानं पुसून नवा लिहीत. गेल्या सव्वा वर्षात या रुग्णालयातल्या एकाही माणसाला ताप आला नव्हता.

शर्वरी पुण्याच्या मापनशुद्धता संस्थेतून आली होती. काम साधं होतं. तापकडी खरं सांगतात की नाही, ते तपासायचं. तिनं सही केली की राज्यातल्या सगळ्या जिल्हा रुग्णालयांत जुने तापमापक जाऊन ही कडी येणार होती. टापरे स्मारकात ते आधीच झालं होतं. दोन यंत्रं असली की दोन आकडे येतात आणि नातेवाईक भांडायला येतात, म्हणून जुने तापमापक गोळा करून खोक्यात भरून टाकले होते.

“मनगटावरून आतला ताप कसा काढता, ते एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय,” शर्वरी पहिल्याच दुपारी डॉ. पिंपळखुटे यांना म्हणाली. श्रीरंग पिंपळखुटे हे इथले प्रमुख वैद्य. पन्नाशीचा, सडसडीत, सदा थकलेला माणूस. रुग्णालयाच्या आवारातच राहायचे.

“मनगट लबाड असतं, मॅडम,” स्वेटरच्या बाह्या सारखी खाली ओढत ते म्हणाले. “पंख्याखाली बसलं की गार, चहाचा कप धरला की गरम. त्यात रक्ताची ऊब किती आणि हवेची किती, हे कड्याला वेगळं करता येत नाही. कंपनीनं त्याला एक तोड काढली. याच इमारतीत, याच हवेत वावरणारी बारा निरोगी माणसं घ्यायची. निरोगी माणसाच्या आत किती ताप असतो, हे आपल्याला माहीतच आहे.”

“अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार.”

“बरोबर. रोज सकाळी सातला, हजेरीच्या वेळी, त्या बारा जणांच्या मनगटांची सरासरी घेतली जाते. ती जी काही येईल, तिलाच ९८.४ म्हणायचं. जो फरक पडला तो हवेमुळे. मग तेवढा फरक इमारतीतल्या चारशेच्या चारशे कड्यांनी दिवसभर वजा करायचा. याला इमारत-शुद्धी म्हणतात.”

“आणि त्या बारांपैकीच कुणाला ताप असला तर?”

“शंभरच्या वर दिसला तर कडं लाल होतं आणि त्या दिवशी तो माणूस आपोआप वगळला जातो. पण खरं सांगू? आजवर एकदाही वगळावं लागलेलं नाही.” त्यांनी स्वेटरवरचा पितळी बिल्ला दाखवला. त्यावर फक्त १२ एवढंच कोरलेलं होतं. “संदर्भ बारा. पंचफुला सिस्टरांनी निवडलेत. बिमारीची रजा कधी न घेणारे, घरापेक्षा इथेच जास्त राहणारे. पहिल्या त्या स्वतः. मी बारावा.”

कल्पना सुरेख होती आणि शर्वरीनं तसं मोकळेपणानं सांगितलं. महागडं संदर्भ-उपकरण विकत घेण्याऐवजी माणसांनाच संदर्भ करायचं, आणि तीही कशी, सगळ्यांत निष्ठावान! त्या बारा जणांकडे बाकीचे लोक कौतुकानं बघत. बिल्ला मिळावा म्हणून दोन तरुण परिचारिका वर्षभर सुट्टीशिवाय राबत होत्या.

शर्वरीकडे तिची स्वतःची तापशलाका होती. प्लॅटिनमची, पेन्सिलीएवढी, जिभेखाली धरायची. तिनं रुग्णांपासून सुरुवात केली. पहिला रुग्ण अपघाताचा, त्याच सकाळी आलेला. शलाका ९८.६, कडं ९७.४. फरक १.२. दुसरा रुग्ण, फरक १.२. चौथ्या दिवसापर्यंत दोनशे रुग्ण झाले, आणि फरक होता तिथेच होता. तिला नवल वाटलं. खरी चूक कधी कमी असते, कधी जास्त. ही चूक मात्र नेमानं येणाऱ्या दूधवाल्यासारखी रोज तेवढंच माप घालून जात होती.

दुसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत गौतमी इंगोले होती. बावीस वर्षांची, मूर्तिजापूरची, कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला. रक्ताच्या कर्करोगावरचा तिसरा औषधक्रम नुकताच संपला होता. डोक्यावर एक केस नव्हता आणि तोंडाला मात्र काही म्हणता काही लगाम नव्हता.

“आल्या आमच्या निळ्या मॅडम!” शर्वरी दारात दिसली की ती म्हणायची. “अख्ख्या दवाखान्यात एकट्या तुमचंच कडं निळं. तुम्ही माणूसच आहात नं, की बर्फाच्या कारखान्यातून आलात?”

शर्वरीला ती पोर फार आवडली. स्वतःला मूल नसलेल्या बाईला कुणी इतक्या हक्कानं चिडवलं की ती विरघळते, हे काही विज्ञानात बसत नाही, पण तसं झालं खरं.

सहाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, गौतमी चिडवायला उठली नाही. भिंतीकडे तोंड करून पडली होती. टेबलावर घरी सोडण्याचा कागद तयार होता, वेळ दुपारी बारा.

“काल संध्याकाळपासून आतून जळल्यासारखं होऊन राहिलं,” ती पुटपुटली. “सिस्टरांना सांगितलं मी. त्या म्हणाल्या, कडं तर हिरवं आहे बाळा, घरी जायच्या आनंदानं वाटत असेल.”

कड्यावर ९९.८ होते. दिवा हिरवा. शर्वरीनं शलाका तिच्या जिभेखाली ठेवली. आकडा चढत गेला आणि १०१.० वर थांबला. तिनं शलाका पुसून पुन्हा ठेवली. १०१.०.

ती जिन्यानं धावत पिंपळखुट्यांकडे गेली.

“मॅडम, तुमच्या शलाकेचा फरक मला माहीत आहे,” ते शांतपणे म्हणाले. “गेले सहा दिवस तुम्ही तेच सांगताय. पण चारशे कडी एक बोलतात आणि तुमची एकटी शलाका दुसरं. मी कुणाचं ऐकू?”

“चारशे कडी बोलत नाहीत हो! बारा जण बोलतात, ती नुसती मान डोलावतात. त्या मुलीच्या अंगात पांढऱ्या पेशी किती आहेत?”

 उत्तर पिंपळखुट्यांनाच चांगलं ठाऊक होतं. पांढऱ्या पेशी नसल्या की पू होत नाही, सूज येत नाही, खोकलासुद्धा धड येत नाही. जंतू आत शिरल्याची वर्दी देणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे ताप. आणि ती वर्दी मिळाल्यावर तासाभरात औषध द्यावं लागतं. घरी मूर्तिजापूरला पाठवलेल्या मुलीला ते कोण देणार होतं?

शर्वरीनं पेटीतून काचेची एक जाड कुपी काढली. जलत्रिकबिंदू-कुपी. तिच्यात पाणी, बर्फ आणि वाफ एकाच वेळी एकत्र नांदतात, आणि ते फक्त एकाच तापमानाला शक्य असतं: शून्य पूर्णांक शून्य एक अंश सेल्सियस. अकोल्यात तेवढंच, पुण्यात तेवढंच, जगात कुठेही तेवढंच. तिनं शलाका सेल्सियसवर फिरवून कुपीत सोडली. आकडा ०.०१ वर येऊन थांबला.

“माणसं चुकतील, यंत्रं चुकतील,” ती म्हणाली. “पाणी चुकत नाही.”

दोघं आणि पंचफुलाबाई गौतमीच्या खोलीत आले. पिंपळखुट्यांनी जुन्या वैद्यासारखा हाताचा पंजा तिच्या कपाळावर ठेवला आणि गोंधळून शर्वरीकडे पाहिलं.

“काही विशेष गरम लागत नाही हो.”

पंचफुलाबाईंनी हात ठेवला. “नाही लागत. माझ्याइतकीच तं आहे.”

शर्वरीनं हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. कपाळ भाजत होतं.

 पिंपळखुट्यांनी जे करायचं ते वेळेवर केलं. घरी सोडण्याचा कागद फाडला, रक्ताचा नमुना घेतला आणि औषधाची बाटली स्वतःच्या हातानं लावली. शर्वरीनं त्यांचं मन मोठं आहे हे तेव्हाच ओळखलं. चारशे यंत्रांविरुद्ध एका काडीवर विश्वास ठेवायला धाडस लागतं.

पण तिच्या डोक्यातून ते हात जाईनात. यंत्राची चूक ती समजू शकत होती. दोन अनुभवी माणसांच्या तळहातांनी तीच चूक करावी, तीही त्याच दिशेनं, हे कसं?

दुपारी तिनं सव्वा वर्षाच्या इमारत-शुद्धीचे रोजचे आकडे मागवले. ती रेघ वरखाली नाचत होती. उन्हाळ्यात वर, थंडीत खाली. हवा बदलते तशी ती बदलणारच. हवामान खात्याचे आकडे घेऊन तिनं हवेचा भाग वजा केला. आता उरलेली रेघ जमिनीसारखी सपाट असायला हवी होती.

ती सपाट नव्हती. ती जिना होती.

पहिली पायरी गेल्या वर्षी गुढीपाडव्यानंतर सातव्या दिवशी. उंची एक दशांश. मग सपाट. मग दुसरी पायरी, पुन्हा एक दशांश. शर्वरीनं बोट ठेवून पायऱ्या मोजल्या. बारा. रेघ फक्त चढत गेली होती, एकदाही उतरली नव्हती. हवा अशी वागत नाही. हवा जिने चढत नाही.

“डॉक्टर, कूलर कधी सुरू झाला?” तिनं विचारलं. 

“गेल्या पाडव्याला. का?”

“उद्या सकाळी सातला मी हजेरीला उभी राहणार आहे.”

रविवारी सकाळी संदर्भ बारा रांगेत उभे होते. पंचफुलाबाई सगळ्यांत पुढे. शलाका बघून त्यांना गंमत वाटली. “आम्हाले काय मोजता मॅडम? आमच्यावरून तं सारे मोजतात!” असं म्हणत त्यांनी तोंड उघडलं.

सव्वा वर्षात त्या बारा जणांना कुणी मोजलंच नव्हतं. मोजायचा गज कुणी मोजतं का? दिव्याखाली अंधार असतो तो असा.

शलाकेवर आकडा आला. ९९.६.

शर्वरीनं शलाका धुतली, पुसली आणि दुसऱ्याच्या जिभेखाली ठेवली. स्वयंपाकघरातले नागोराव. ९९.५. तिसऱ्या, प्रसूती विभागातल्या बाई. ९९.७.  बारावे पिंपळखुटे. त्यांनी आकडा दिसायच्या आधीच डोळे मिटून घेतले होते. ९९.६.

“सगळ्यांना ताप आहे,” शर्वरी म्हणाली. “बाराच्या बारा जणांना. बारीक ताप, सव्वा अंशाचा, पण रोजचा. पहिल्याला आला तेव्हा ९९.६ दिसले असतील. दिवा हिरवाच. लाल व्हायला शंभर लागतात. त्यानं सरासरी बारावा हिस्सा वर सरकली, म्हणजे एक दशांश. यंत्र म्हणालं, हवा बदलली. मग दुसऱ्याला आला. मग तिसऱ्याला. बारा जण, बारा दशांश. आता तुमचा तापच या इमारतीत ९८.४ झालाय. स्वेटर कूलरमुळे लागत नाहीत, सिस्टर. तुम्हाला हिव भरतंय. सव्वा वर्ष.”

 प्रसूती विभागातल्या बाईंनी स्वेटरची वरची दोन बटणं सोडली.

“थांबा,” पंचफुलाबाई म्हणाल्या. त्यांचं नेहमीचं बोलणं कुठल्या कुठे गेलं आणि माहेरची बोली वर आली. “मले काही समजून नाही राहिलं. म्हणजे कडं नाही चुकलं? आमीच चुकलो?”

“तुम्ही चुकला नाहीत. तुम्ही घरी गेला नाहीत, एवढंच. जे सगळ्यांत जास्त वेळ या हवेत राहिले, त्यांनाच निरोगी धरलं गेलं.”

“अन् गौतमी? तिच्या उशाशी कोण बसते रोज? मीच नं! कडं हिरवं आहे बाळा, कडं हिरवं आहे, म्हणून राहिली होती मी.” त्यांनी तळहात स्वतःच्या कपाळावर ठेवला, मग दुसऱ्या हाताच्या मनगटावर, मग पुन्हा कपाळावर. जणू कुठेतरी एखादी थंड जागा सापडेल. मग त्या दाराशी गेल्या आणि स्वेटरच्या बाहीनं फळा पुसून टाकला. ४२३ चा आकडा गेला. त्यांना रडू फुटलं आणि ते बघणं शर्वरीला फार जड गेलं.

पुढचे तास कसे गेले हे कुणालाच नीट आठवत नाही. दहा वाजता शर्वरीनं कूलर बंद करायला लावला. कड्यांची शुद्धी बदलणं मात्र कंपनीच्याच हातात होतं, ती होती तशीच राहिली. पिंपळखुट्यांनी वाळ्याचं पाणी आणि गौतमीचं रक्त दोन्ही जनुकवाचकात घातलं. संध्याकाळी निकाल आला. दोन्हींत तोच जंतू, पाण्यात वाढणाऱ्या जुन्या ओळखीच्या जंतूचा कुणी नवा भाऊबंद. धडधाकट माणसाला तो फक्त बारीक ताप आणि थकवा देत होता. ज्याच्या अंगात पांढऱ्या पेशीच नाहीत, त्याला काय देईल हे सांगायची गरज नव्हती.

“हवेतून आलाय हे कळलं,” शर्वरी म्हणाली. “माणसाकडून माणसाला लागतो का?”

“माहीत नाही. आणि माहीत नाही म्हणजे लागतो असंच धरायचं,” पिंपळखुटे म्हणाले. “गौतमीला उद्या सकाळी नागपूरला हलवायचं. तिला हे औषध लागू पडतंय, काल सकाळी १०१ होता तो आता १००.३ आहे. पण रस्ता साडेचार तासांचा आहे. तिच्याजवळ कुणीतरी बसायला हवं, दर अर्ध्या तासानं शलाका लावायला हवी, बाटली बदलायला हवी. बाहेरून शिकलेला माणूस यायला परवा उजाडेल, तेवढी वाट पाहता येणार नाही. आणि ताप असलेला माणूस मी तिच्या हातभर अंतरावर येऊ देणार नाही. तिचे आईवडील पंधरा दिवस इथेच आहेत, दोघांनाही ९९.५ निघाला.”

त्या रात्री त्यांनी इमारतीतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला शलाका लावली. एकशे चौतीस माणसं. एकूण एक सगळे ९९ च्या वर. शेवटी शलाका शर्वरीच्या जिभेखाली गेली आणि सगळे श्वास रोखून बघत राहिले. ९८.३.

“तुम्हीच,” पिंपळखुटे म्हणाले.

शर्वरीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, एवढ्या भयंकर दिवशी तिला अभिमानही वाटला. तिनं बाटली कशी बदलायची ते पंचफुलाबाईंकडून दहा वेळा शिकून घेतलं. बाई दाराबाहेर उभ्या राहून शिकवत होत्या.

सोमवारी सकाळी आठ वाजता रुग्णवाहिका पोर्चमध्ये उभी होती. आतून धुऊन, पुसून, वाफ देऊन तयार. चालकाच्या आणि रुग्णाच्या मध्ये काच. गौतमीला आडवं ठेवलं होतं आणि तिच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा रंग होता. दहा पावलांवर, कडुनिंबाखाली, तोंडाला फडकं बांधून पंचफुलाबाई, पिंपळखुटे आणि तिचे आईवडील उभे होते. कुणीही जवळ येत नव्हतं.

शर्वरी पायऱ्या उतरून आली. पहाटे रुग्णालयातल्याच तिच्या खोलीत तिला गाढ झोप लागली होती, पायथ्याची चादर कधी वर ओढून घेतली ते कळलंही नव्हतं. पोर्चमध्ये पोचल्यावर तिनं ओढणी खांद्यांभोवती घट्ट लपेटली आणि एकदम भडकली.

“कूलर कुणी चालू केला पुन्हा? काल बजावून सांगितलं होतं ना मी!”

 कडुनिंबाखालून पंचफुलाबाई तिच्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. अंगात स्वेटर नव्हता.

“नाही चालू केला, मॅडम,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “टाकी कालच रिकामी केली. वाळाही उपटून फेकला.”

शर्वरीचा एक पाय रुग्णवाहिकेच्या पायरीवर होता. शलाका हातात होती, पण ती लावायची गरज उरली नाही. रुग्णालयात पाऊल टाकल्याला आज आठवा दिवस होता.

आतून गौतमीनं मान उचलली. तिची नजर शर्वरीच्या मनगटावर गेली आणि तिचा चेहरा आनंदानं फुलला.

“अय्या मॅडम, बघा तरी! तुमचं कडं हिरवं झालं!”

शर्वरीनं शलाका पायरीवर ठेवली आणि पाय खाली घेतला.